'खोल समुद्र', 'संवर्धन', 'अन्नसुरक्षा': नेमकं काय लिहायचं?

टाकबोरू
मंडळी, एका संस्थेच्या मराठी पत्रकाचं काम हातात आहे. समुद्र राखण्याचे आंतरराष्ट्रीय करार आणि त्यांचा शेती-मासेमारीशी, लोकांच्या पोटाशी असलेला संबंध, असा विषय. तीन शब्दांवर अडलेय. पहिला 'हाय सीज'. संयुक्त राष्ट्रांत जून 2023 मध्ये मंजूर झालेला आणि 17 जानेवारी 2026 पासून लागू झालेला करार याच भागाबद्दल आहे. वर्तमानपत्रं सर्रास 'खोल समुद्र' छापतात, मला ते पटत नाही. दुसरा 'मत्स्यसाठ्यांचं संवर्धन'. तिसरा 'अन्नसुरक्षा'. हा पत्रकात चौदा वेळा आलाय आणि चौदाही वेळा अर्थ एकच आहे असं काही वाटत नाही.

खाडीकाठ
ताई, 'खोल' नकोच. आमच्याकडे खोली वावांत सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. वजन बांधून दोर सोडायचा आणि वर ओढताना हातांनीच मोजायचा. पाणी किती खोल आणि किनारा किती लांब, ही दोन वेगळी मापं आहेत. मुंबई हायचंच बघा. किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर, पण पाणी 75 मीटरच्या आसपास, म्हणजे चाळीसेक वाव. उलट लक्षद्वीपच्या बेटांवरून थोडं बाहेर पडलं की हजार मीटरच्या खाली तळ. करारातल्या 'हाय'चा खोलीशी काही संबंध नाही. कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारं पाणी, एवढाच अर्थ.
(मुंबई हायमधला 'हाय' आणखी तिसराच, तळाखालच्या खडकाचा उंचवटा. त्याला यात ओढू नका म्हणजे झालं.)

दप्तरदार
खाडीकाठ म्हणतात ते बरोबर. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत देशाचा पूर्ण अंमल. आपल्या शासनाच्या पत्रकांत याला 'जलधी क्षेत्र' म्हणतात, पावसाळी मासेमारी बंदीच्या आदेशात दरवर्षी हा शब्द दिसतो. त्यापुढे 200 मैलांपर्यंत मासळी, तेल वगैरेंवर त्या देशाचा हक्क. त्याच्याही पलीकडचं पाणी म्हणजे हे 'हाय सीज'. जगातल्या समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग.
जाता जाता एक. त्या 200 मैलांच्या पट्ट्याला 'विशेष आर्थिक क्षेत्र' लिहू नका. ती जागा आधीच भरलेली आहे. पेण-उरणकडच्या माणसाला 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हटलं की सेझ आठवतो आणि सेझ म्हटलं की मोर्चे. 'अनन्य आर्थिक क्षेत्र' लिहा, जड आहे पण गैरसमज नाही.

टाकबोरू
मग 'मुक्त समुद्र' कसं?

दप्तरदार
'मुक्त'मध्ये 'या आणि हवं ते न्या' असा सूर आहे. शेकडो वर्षं तसंच चाललं, म्हणून तर करार करावा लागला. आता त्या पाण्यातही राखीव पट्टे ठरवता येतील, मोठं काम काढण्याआधी परिणाम तपासावे लागतील. 'खुला समुद्र' त्यातल्या त्यात बरा.

खाडीकाठ
मला विचाराल तर ते जगाचं गायरान आहे.

दप्तरदार
उपमा झकास, पण गायरानाचा सातबारा असतो हो. या पाण्याला सातबाराच नाही, तीच तर अडचण.

खाडीकाठ
मानलं साहेब!

टाकबोरू
ठरलं. पहिल्यांदा 'कुठल्याही देशाच्या हद्दीबाहेरचा समुद्र' असं फोड करून लिहिते, पुढे 'खुला समुद्र'. आता 'संवर्धन'?

खाडीकाठ
'मत्स्यसंवर्धन' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे तळं येतं. बीज सोडायचं, खाद्य घालायचं, वाढवायचं, काढायचं. मत्स्यव्यवसाय खात्यातही तोच अर्थ. वन्यजीववाले मात्र 'संवर्धन' म्हणजे राखणं असं धरतात. 'सागरी मत्स्यसंवर्धनाला चालना' असं छापलंत तर निम्मे वाचक पिंजऱ्यातल्या माशांच्या अनुदानाची चौकशी करायला येतील. आणि 'मत्स्यसाठा'? साठा म्हटलं की बर्फात भरलेले क्रेट. सरळ 'समुद्रातली मासळी टिकवणं' लिहा.

दप्तरदार
सहमत. जागतिक व्यापार संघटनेचा जून 2022 चा मत्स्यअनुदानांचा करार, जो सप्टेंबर 2025 मध्ये लागू झाला, त्याच्या एका मराठी बातमीत 'साठे संपुष्टात आलेल्या ठिकाणी' असं वाचलं होतं. वाटलं, गोदामं रिकामी झाली. मूळ अर्थ असा की जिथं उपसा इतका झालाय की मासळीची पैदासच भरून निघत नाही, तिथं मासेमारीला सरकारी पैसा द्यायचा नाही. त्याच बातमीत 'अनियमित मासेमारी' होतं. अनियमित म्हणजे अधूनमधून केलेली. हवं होतं 'कुठल्याच नियमाखाली न येणारी'.

खाडीकाठ
आणि 'सागरी अभयारण्य' ऐकलं की मला अजून हसू येतं. मालवणला 1987 पासून आहे. समुद्रात अरण्य! पण रुळला शब्द, आता कोण बदलणार.

मधली सुट्टी
उशिरा येतेय. मी स्पॅनिश शिकवते, 'अन्नसुरक्षे'वर थोडं बोलते. स्पॅनिशमध्येही हाच घोळ आहे. 'सेगुरिदाद' हा एकच शब्द पुरेसं मिळण्यालाही आणि अपाय न होण्यालाही चालू शकतो. म्हणून अन्न व कृषी संघटनेच्या स्पॅनिश कागदांत दुसऱ्या अर्थाला 'इनोकुइदाद' वापरतात, म्हणजे निरुपद्रवीपणा. 16 ऑक्टोबरचा अन्न दिन पहिल्या काळजीचा, 7 जूनचा अन्न सुरक्षितता दिन दुसऱ्या. मराठीत तर दोन कायदेच एका नावाचे आहेत.

दप्तरदार
अगदी. 2006 चा 'अन्न सुरक्षा व मानके' कायदा, त्याखाली येणारा 'अन्न सुरक्षा अधिकारी' मिठाईच्या दुकानात खव्याचे नमुने घेतो. आणि 2013 चा 'राष्ट्रीय अन्न सुरक्षा' कायदा, त्याखाली माणशी 5 किलो धान्य रेशनवर मिळतं. पहिल्यात अन्नापासून माणसाचं रक्षण, दुसऱ्यात उपासमारीपासून. शब्द तोच! काही जण भेसळीच्या अर्थी 'सुरक्षितता' लिहितात, पण हा फरक लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो, वाचणाऱ्याला नाही.

मधली सुट्टी
म्हणून भेसळ-रोगजंतूंच्या अर्थी 'निर्धोक अन्न' कसं वाटतं? 'निर्भेळ' अपुरं पडतं, कारण भेसळ नसलेला मासाही नासका असू शकतो.

खाडीकाठ
निर्धोक आवडला. पण पुरेसं मिळण्याच्या, म्हणजे पहिल्या अर्थाला आपल्याकडे जुना शब्द आहेच की, बेगमी. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्याला. त्या दोन महिन्यांसाठी आजी एप्रिल-मेमध्येच बांबूचा मांडव घालायची. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकायचे, जवळा वेगळा, सोडे वेगळे. मग डब्यांना झाकण घट्ट. ही अन्नसुरक्षा नाही तर काय?

दप्तरदार
निम्मी आहे. 1996 साली रोमच्या परिषदेत जी व्याख्या ठरली, तिच्यात अन्न असणं पुरत नाही. प्रत्येकाला, सदासर्वकाळ, ते हाताशी आणि खिशाला परवडणारं हवं, पोषक हवं. बेगमी त्याचीच होते ज्याच्याकडे मे महिन्यात पैसा किंवा बोट असते. शिवाय त्याच व्याख्येत अन्न निर्धोक असावं असंही आहे, म्हणजे तुमचा दुसरा अर्थ पहिल्याच्या पोटात बसलाय.

खाडीकाठ
हे खरं. आमच्याकडे नाखव्याच्या घरची बेगमी आणि खलाशाच्या घरची बेगमी एक नसायची.

टाकबोरू
आत्ता बसून चौदाच्या चौदा जागा तपासल्या. अकरा ठिकाणी पहिला अर्थ, तिथं 'अन्नसुरक्षा' ठेवतेय. मथळ्याखालच्या ओळीत 'बेगमी' घालायचा मोह आहे, बघू संस्थेला चालतंय का. दोन ठिकाणी 'निर्धोक अन्न'. उरलेलं एक वाक्य असं: 'सुक्या मासळीच्या अन्नसुरक्षेसाठी किनाऱ्यावरील महिलांना प्रशिक्षण.' हे कुठल्या अर्थानं?

खाडीकाठ
वाळूवर न टाकता मांडवावर कसं सुकवायचं ते शिकवणार असतील तर निर्धोक. सुकी मासळी पावसाळाभर पुरवून विकायला शिकवणार असतील तर बेगमी. आमच्या बायकांना दोन्ही येतं, म्हणून विचारतो, नक्की शिकवणार काय आहेत?

टाकबोरू
उद्या संस्थेला फोन करून विचारते.