बूस्टरआधी एरियलच्या काड्या बघा
टीव्हीमागे बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) जोडला की फ्रीव्ह्यूचं, म्हणजे ब्रिटनमध्ये एरियलवरून फुकट दिसणाऱ्या टीव्हीचं, अडखळणारं चित्र सुधारेल, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. लांब केबलमधून खाली येईपर्यंत सिग्नल क्षीण झालेला असतो. तिथे लावलेला बूस्टर त्याच्याबरोबर गोंगाटही (सिग्नलमध्ये मिसळलेला नको असलेला भाग) तेवढाच वाढवतो. घ्यायचाच तर छतावर, एरियलला लागून बसणारा घ्या. त्याला वीज त्याच केबलमधून घरातून देता येते.

एक मुद्दा मात्र सहसा कुणी मांडत नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या प्रक्षेपकांचे सिग्नल बहुतेक आडवे असतात, छोट्या रिले केंद्रांचे (मोठ्यांचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रांचे) बहुतेक उभे; एरियलच्या काड्याही तशाच हव्यात. आमचं घर टेकडीआड. आमच्या एरियलच्या काड्या आडव्या आणि गल्लीतल्या बाकी सगळ्यांच्या उभ्या! बसवणाऱ्याने एरियल रिलेकडे वळवला, काड्या उभ्या केल्या आणि बूस्टर काढूनच टाकला. टीव्हीच्या मेनूत 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी जरा उतरली, पण 'क्वालिटी'ची भरली, आणि चित्राच्या चौकटी होणं थांबलं. फक्त बहुतेक छोट्या रिलेंवरून ३च मल्टिप्लेक्स (एकत्र प्रक्षेपित होणारे चॅनेलांचे गट) मिळतात, म्हणजे काही चॅनेल जातात. तुमच्या आवडीचं चॅनेल त्यात आहे का, हे पोस्टकोड टाकून आधी तपासा आणि मगच शिडी लावा.