मदत हवी आहे: थाई चवीचं डंपलिंग सूप. डंपलिंग रश्श्यात सोडायचे की वेगळे शिजवायचे?

नमस्कार मंडळी,

थाई चवीचं डंपलिंग सूप घरी करायचं आहे. दमून घरी आल्यावरही अर्ध्या तासात होईल असं. फ्रीझरमध्ये चिकन डंपलिंगचं पाकीट आहे, ४०० मिली नारळाच्या दुधाचा डबा आहे. लाल करी पेस्ट अजून घ्यायची आहे.

मनात बेत असा: डब्यात वर जमलेलं घट्ट दूध आधी पातेल्यात आटवायचं, तेल सुटलं की त्यात दोन मोठे चमचे पेस्ट वास दरवळेपर्यंत परतायची. मग उरलेलं दूध, तीन कप चिकन स्टॉक, ठेचलेली गवती चहाची कांडी आणि मकरूट लिंबाची पानं. दहा मिनिटं मंद आच. शेवटी फिश सॉस, चिमूटभर साखर, लिंबू. माणसं चार.

अडलंय ते इथे. काही पाककृतींत डंपलिंग थेट रश्श्यात सोडतात, काहींत वेगळे उकळतात. एकाच पातेल्यात झालं तर मला हवंच आहे, पण रस्सा बिघडणार असेल तर नको. दुसरं, जास्त महत्त्वाचं: जेवणाऱ्यांपैकी एकीला कोळंबीची ॲलर्जी आहे. तिला वेगळं ताट वाढायचं नाहीये, सगळ्यांनी एकच सूप प्यावं अशी फार इच्छा आहे. पेस्ट घेताना काय बघू?

प्रतिसाद १

वेगळेच शिजवा. पारीला लावलेलं कोरडं पीठ पाण्यात उतरतं. तेच नारळाच्या दुधात उतरलं की रस्सा पिठूळ होतो, लिंबाची धारही बोथट होते. शिवाय डंपलिंगला चांगली उकळी लागते आणि नारळाचं दूध खळखळ उकळलं की फुटतं. एकाच पातेल्यात दोघांचं जमत नाही.

पाकिटातले डंपलिंग वितळवू नका, गोठलेलेच उकळत्या पाण्यात सोडा. वितळले की पारी ओलसर होते, एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. टाकल्यावर लगेच उलथन्याने तळापासून एकदा हलकेच हलवा. वर तरंगले म्हणजे शिजले असं समजू नका, त्यानंतरही दोन-तीन मिनिटं द्या आणि एक कापून बघा. चिकनच्या सारणाचा मध्य ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवा. थर्मामीटर नसेल तर निदान आत गुलाबी काही दिसता कामा नये आणि मधोमध वाफ यायला हवी. मग झाऱ्याने बोलमध्ये घ्या, वरून गरम रस्सा ओता. माणशी पाच-सहा पुरतात.

प्रतिसाद २

ॲलर्जीबद्दल लिहिते, कारण यात हलगर्जी नको. लाल करी पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट असणं हीच मूळ रीत आहे, त्यामुळे बऱ्याच तयार बरण्यांत ती असते. ‘व्हीगन’ लिहिलेली घ्या आणि तरीही ॲलर्जीची सूचना शेवटपर्यंत वाचा, कारण एकाच यंत्रावर दोन्ही प्रकार बनत असतील तर ते तिथे लिहिलेलं असू शकतं, पण नेहमीच असतं असं नाही. डंपलिंगचं पाकीटही तसंच तपासा. चिकनचे असले तरी सारणात ऑयस्टर सॉस (कालवांचा) असू शकतो. फिश सॉस साधारणपणे अँकोव्ही मासे आणि मिठाचा असतो, कोळंबीचा नाही, पण लेबल वाचाच. मैत्रिणीला माशांचं चालतं का, हे तिलाच विचारा. नसेल चालत तर लाइट सोया सॉस घाला.

आणि लिंबू गॅस बंद केल्यावरच. उकळत्या रश्श्यात पिळलं तर ताजेपणा जातो, मागे कडवटपणा राहतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ॲलर्जीचं इतकं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं, आज दोन्ही पाकिटं वाचते. अजून एक: पाककृतींत गॅलंगल (आल्यासारखा थाई कंद) असतो, तो मिळाला नाही तर आलं चालेल का? आणि माझ्या डब्यात घट्ट दूध वर जमलेलंच नाहीये, सगळं एकजीव आहे.

प्रतिसाद ३

एकजीव दुधात बहुधा स्थिरक (दूध वेगळं होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ) असतो, ते कितीही आटवलं तरी तेल सहज सुटत नाही. वाट बघत बसू नका, चमचाभर तेलात पेस्ट परता आणि मग दूध घाला.

आलं चालेल, चव मात्र बदलेल. गॅलंगलला पाइनसारखा, किंचित औषधी वास असतो, आल्याचा तिखटपणा वेगळा. आलं निम्मंच घ्या आणि गवती चहा वाढवा. गवती चहाचा खालचा फिकट भाग वापरा, आणि कांडी, गॅलंगलच्या चकत्या, मकरूटची पानं वाढण्याआधी काढून टाका, ती चावायची नसतात.

एक सुचवू? नारळाच्या दुधाशिवायही करून बघा कधीतरी. थायलंडमध्ये डंपलिंगचं रोजचं सूप म्हणजे ‘किआओ नाम’, चिनी स्थलांतरितांकडून आलेलं: नितळ रस्सा, वर तेलात खमंग तळलेला लसूण, पांढरी मिरपूड, कोथिंबीर. मला स्वतःला तेच जास्त आवडतं, कारण त्यात पारीची चव कळते. फक्त तिथे सारणात बऱ्याचदा कोळंबी असते, तुम्ही चिकनचेच वापरा.

उरलं तर रस्सा आणि डंपलिंग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. रात्रभर रश्श्यात राहिले तर पाऱ्या सगळा रस्सा पितात आणि सकाळी लगदा होतो.