मदत हवी आहे: पावरा आदिवासींच्या पाड्यांवर कुटुंब समुपदेशन करताना पंचांना कसं सोबत घ्यायचं?

नमस्कार, मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या वरच्या पाड्यांवर एका छोट्या संस्थेत काम करते. नवीन जोडप्यांसाठी समुपदेशन सुरू करतोय, पण जे मॉड्यूल मिळालंय ते पार शहरी आहे, सुरुवातीची सत्रंच हुंडा, सासू-सुनेची भांडणं आणि एकत्र कुटुंबात कसं जमवून घ्यायचं यावर. इकडे मुलाकडचे मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य देतात, लग्नानंतर पोरगा बहुतेक वेळा वेगळं घर बांधतो, आणि दोघं पळून गेली तरी पंच बसून देज ठरवतात की झालं लग्न मान्य. हुंड्याचं पोस्टर लावलं की बाया नुसत्या एकमेकींकडे बघतात.

बाईला नांदायचं नसेल तर ती नवऱ्याला सोडून दुसऱ्याशी घर करू शकते, फारसं कुणी नावं ठेवत नाही, आणि हे मला खरंच आपल्याकडच्यापेक्षा चांगलं वाटतं. पण मग देज परत करायची वेळ येते, बापाने पैसे केव्हाच खर्च केलेले असतात, म्हणून मार खाऊन आलेल्या पोरीलाही समजूत घालून परत धाडतात. निवाड्याला पंच सगळे पुरुष, बाई मागे बसून ऐकते आणि तिच्या वतीने बाप नाहीतर भाऊ बोलतो. पंचांना वगळलं तर कार्यक्रम पाड्यात टिकायचा नाही, घेतलं तर बाई तोंड उघडणार नाही. कुणी हे जमवलंय का? पावरी बोलणाऱ्या तिथल्याच बायांना तयार केलं तर? दिवाळीनंतर बरीच घरं गुजरातला ऊसतोडीला जातात, त्यामुळे होळीनंतरच सुरू करता येईल.

प्रतिसाद:
ताई, आधी मॉड्यूलमधलं कोर्टातल्या घटस्फोटाचं सत्र काढा. हिंदू विवाह कायदा १९५५ अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढीप्रमाणेच काडीमोड चालतो. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मात्र सगळ्यांना लागू आहे, ते पंचांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, मागाहून सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, वापरा. रूढीप्रमाणे तंटे सोडवायची पद्धत जपायचा अधिकार १९९६ पासून ग्रामसभेला आहे, आणि आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. देज परत करायला मुदत द्यायची, हप्ते पाडायचे, तोवर पोरीला माहेरी राहू द्यायचं, हे बायांना आधी महिला सभेत ठरवू द्या, मग पंचांपुढे एकटी पोरगी नाही, सगळ्या मिळून जातील. पावरी बोलणाऱ्या बाया हव्यातच, फक्त पंचांच्याच घरातल्या निवडू नका.