जपानचा कार शो आणि 'अरे, तू नेमका कुठेयस?'

स्टेपनी: परवा भाच्याचा मेसेज, मामा जानेवारीत टोकियो ऑटो सलोनला, म्हणजे तिकडच्या मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या शोला चाललोय, नेटवर ओळख झालेले चारपाच जण तिथे भेटणारेत, कुठे भेटायचं ठरवू? झालं, सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. तिकडे नोकरीला होतो तेव्हा आमचं ठरलेलं, शो भरतो त्या माकुहारी मेस्से प्रदर्शन केंद्रात, हॉल ८ च्या टोकाला. मी तिथे ताटकळतोय आणि ज्याला भेटायचं तो फोनवर सांगतोय मी ९ ला आहे, शेजारीच असेल की. शेजारी कसलं डोंबल! १ ते ८ एका इमारतीत, ९ ते ११ वेगळ्याच, मधे पादचारी पूल, त्यावर मुंगी शिरायला जागा नाही. शेवटी भेटलो ते एका निसान स्कायलाइन आर३२ जीटीआरच्या उघड्या बॉनेटपाशी, आरबी२६ इंजिनात दोघंही डोकं घालून उभे, एकमेकांना न ओळखता. तुमचे किस्से टाका, भाच्याला दाखवतो.

कार्ब्युरेटर: आत भेटायचं ठरवूच नका, काइहिन-माकुहारी स्टेशनवर भेटा. टोकियो स्टेशनात तिकडे जाणाऱ्या केइयो लाइनचा प्लॅटफॉर्म इतका लांब आणि खोल आहे की तिथवर चालूनच अर्धा दम जातो. टोकियोतल्या निशिकासाई भागात मुक्कामाला असेल तर तोझाई लाइनने निशि-फुनाबाशी, तिथून बदल.

आलंलिंबू: मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, नवऱ्याबरोबर गेलेले. आमचा शो टोकियोच्या बिग साइट प्रदर्शन केंद्राला होता, तेव्हा मोटर शो म्हणायचे, २०२३ पासून मोबिलिटी शो झालं. तिथे बाहेर जमिनीत खुपसलेली लाल मुठीची अवाढव्य करवत आहे, तिच्यापाशी भेटायचं, कुणाचा बाप चुकत नाही. ह्यांचा एक जपानी मित्र आला, सत्तरीचा, इंग्रजी शून्य, ह्यांचं जपानी त्याहून शून्य. ह्यांनी सासऱ्यांच्या मारुती ८०० चा फोटो दाखवला. आजोबांनी ओळखली की, आल्टोचीच बहीण ती! लगेच तीन बोटं वर, तीन सिलिंडर. मग दोघं तासभर हातवारे करत बसले आणि मी बाकरवडी संपवली.

धुरळा: बाकरवडी 😂 @स्टेपनी शो संपला की सगळे म्हणणार चला दाइकोकूला. पोराला आधीच सांग, ते गाडीवेडे जमतात ते एक्सप्रेसवेवरचं पार्किंग आहे, ट्रेनने किंवा चालत पोचता येत नाही, गाडीवाला मित्रच लागतो. आणि गर्दी वाढली की पोलीस बंद करतात. आम्ही गेलो, गाडी लावली, मशीनमधून कॉफी काढली, घोट घेतोय तोच लाउडस्पीकर सुरू. काय बोलले कळलं नाही पण सगळ्यांनी गुपचूप गाड्या काढल्या, एक हॉर्न नाही. आपल्याकडे असतं तर आधी साहेबांना फोन लावले असते.

कार्ब्युरेटर: गाडी भाड्याने घ्यायची तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ने, चालतं तिकडे. रस्ता डावीकडचाच, स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो.

घाटवळण: विषयांतर, पण पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी बनते गुरुग्रामला, जपानमध्ये नोमाड नावाने जानेवारी २०२५ ला जाहीर झाली आणि चार दिवसांत ५०,००० च्या आसपास ऑर्डरी, बुकिंगच थांबवावं लागलं. आमच्या सोसायटीत मी घेतली तर लोक विचारतात मागे बॅगा कुठे ठेवणार

धुरळा: मागची सीट पाड ना राव

घाटवळण: मागच्या सीटवर सासूबाई असतात.

आलंलिंबू: 🤣🤣 भाच्याला गरम कपडे न्यायला सांगा हो, जानेवारीत त्या खाडीवरचा वारा हाडं फोडतो. लग्नाचा आहे का? नणंदेची मुलगी तोक्योतच आहे.

स्टेपनी: आहे ताई, पण पगार सगळा टायरांत जातो.

आलंलिंबू: तिचा स्कूटरच्या हेल्मेटांत जातो. पत्रिका पाठवा.