पिकअप फोर-बाय-फोर घेताय? मागं डिफ-लॉक आहे का ते आधी विचारा

जांबोटीकर:
कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी न्यायची म्हणून लोक फोर-बाय-फोरला जास्तीचे पैसे मोजतात आणि तरी पहिल्याच चरात रुततात. कारण साधं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा संच, डाव्या-उजव्या चाकाला सारखाच टॉर्क (फिरवायचा जोर) देतं. चिखलातलं चाक फिरवायला जेमतेम जोर लागतो, मग घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच जेमतेम मिळतो. चरात गाडी तिरकी गेली, पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं, की खेळ संपला. फोर-बाय-फोरचा गिअरबॉक्स, म्हणजे ट्रान्सफर केस, पुढच्या-मागच्या चाकांकडं जाणारे शाफ्ट जोडते, डाव्या-उजव्याचं तिला काही करता येत नाही. डिफ-लॉक (डिफरन्शियलचा लॉक) मागची दोन्ही चाकं एकत्र बांधतो, मग टेकलेल्या चाकाला जोर मिळतो. पैसे त्या मागच्या लॉकात घाला.

निपाणीचा ऊसवाला:
दादा, हे पटत नाही. डिफ-लॉक आम्हाला नवा नाही, ट्रॅक्टरला टाचेखाली असतोच. पण वळायच्या आत सोडला नाही तर ट्रॅक्टरचं हेड सरळच पळतं, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर असतं आणि लॉक दोघांना एकाच वेगानं फिरवतो. चोर्ला घाटात ओल्या डांबरावर चुकून लागून राहिला तर? इथले निम्मे लोक गुळगुळीत टायरांवर फिरतात. आधी टायर बदला, चिखलात हवा थोडी कमी करा. लॉक नंतर.

जांबोटीकर:
घाटात लावा असं कुणी म्हटलं? चर ओलांडण्याआधी, गाडी थांबवून लावायचा, पलीकडं गेलं की काढायचा. टायर कितीही चांगला असो, हवेत लटकलेल्या चाकाला तो कुठली पकड देणार?

शहापूर गॅरेज:
निपाणीचे मामा टायरचं बरोबर बोलतायत, पण जांबोटीकरांचा शेवटचा मुद्दा खोडता येत नाही. लॉक नसेल तर हँडब्रेक हलका ओढून रेस द्या. भिरभिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याला जोर मिळतो, गाडी कधीकधी निघते. नव्या गाड्यांत हेच काम सेन्सर आणि ब्रेक करतात. २०२० च्या थारच्या काही मॉडेलांत मागं मेकॅनिकल लॉक आहे, चाकांच्या फेऱ्यांत फरक पडला की आपोआप लागतो. मात्र लॉक लावून एकच चाक दगडात अडकलं तर सगळा ताण एका ॲक्सल शाफ्टवर, म्हणजे त्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्यावर, येतो. तिथं रेस दाबू नका, शाफ्ट तुटतो.

निपाणीचा ऊसवाला:
तेच तर! शेतात तुटलेला शाफ्ट कोण काढून देणार? मी टायरच घेणार.