मदत हवी आहे: लाकडी आडोशाला अधांतरी बाक कसा बसवायचा?

गच्चीप्रेमी: आडव्या पट्ट्यांचा आडोसा तयार आहे. त्यालाच ५ फुटी बाक लावायचाय, पाय नकोत. सुतार म्हणतो "होऊन जाईल साहेब", कसं ते सांगत नाही. शनिवारी येतोय. ब्रॅकेट कुठला घेऊ? लवकर सांगा.

रंधा: खांब कशाचे? किती अंतरावर? किती खोल गाडलेत? नुसत्या पट्ट्यांवर टांगलात तर पहिल्या पाहुण्यासकट खाली येईल.

गच्चीप्रेमी: पट्ट्या सागाच्या, पाऊण इंची. खांब ३, मजबूत आहेत हो. ब्रॅकेटचं सांगा.

मधलीआळी: आमच्याकडे गुहागरला अंगणात चिऱ्याचा कट्टा आहे. आजोबांनी बांधला, अजून दगडासारखा. पावसात लाकूड हवंय कशाला?

रंधा: चिरा दगडच असतो, दगडासारखा राहणारच. असो. ३ माणसांचे २०० किलो धरा, मधल्या खांबावर निम्मे. बाक दीड फुटी, म्हणजे भार खांबापासून ९ इंचांवर. ब्रॅकेटचे वरचा-खालचा बोल्ट एकमेकांपासून ९ इंचांवर असतील तर वरच्याला १०० किलोचा ओढा. ३ इंचांवर असतील तर ३००. म्हणून फडताळाचे तयार ब्रॅकेट नकोत. चौकोनी पाइपचा काटकोन वेल्ड करून घ्या. बोल्ट आरपार, मागे मोठा वायसर.

मधलीआळी: बोल्ट स्टेनलेसचे, तेही ३१६ ग्रेडचे. आमच्या ३०४ला तांबूस डाग पडले.

रंधा: ते समुद्राकाठी. हे राहतात कुठे?

गच्चीप्रेमी: कोथरूड, पाचवा मजला. सगळं गच्चीवरच आहे ना, आयडी वाचला नाहीत का? खांब दीड इंची लोखंडी, खाली प्लेट, ४ बोल्टांनी फरशीला.

रंधा: हे आत्ता सांगताय! गाडलेल्या खांबाला माती धरून ठेवते. इथे सगळा भार ती प्लेट उपटायला बघणार. बोल्ट बहुधा कोब्यातच, म्हणजे स्लॅबवरच्या थरातच असतील, स्लॅबपर्यंत नाहीत. आणखी खोल भोक पाडलंत तर वॉटरप्रूफिंग गेलं, मग खालचे शेजारी छत्री घेऊन वर.

पारिजात२: बाकाऐवजी झोपाळा घ्या. पितळी कड्या छान दिसतात.

सोसायटीग्रस्त: परवानगी काढली का?

करंजी: आडोसा कठड्याला लागून आहे का? घरात लहान मूल? बाक आणि वर आडव्या पट्ट्या म्हणजे आयती शिडी.

गच्चीप्रेमी: मुलगी ४ वर्षांची. कठडा ५ फुटांवर आहे, मध्ये कुंड्या.

करंजी: मग ठीक. तरी मागून पट्ट्यांना पॉलिकार्बोनेट शीट ठोका, पाय अडकणार नाही.

रंधा: पुढच्या कडेपासून ६ इंच आत २ पाय द्या, खाली रबर. भार सरळ फरशीवर, भोक नको. सावलीत पाय दिसत नाहीत, बाक अधांतरीच वाटतो.

गच्चीप्रेमी: पाय नकोत म्हटलं होतं. खाली झाडू फिरत नाही.

रंधा: २ पायांना अडून झाडू फिरत नसेल तर झाडू बदला.

गच्चीप्रेमी: सुताराला फोन केला. म्हणाला, "साहेब, पाय मी धरलेच होते." बरं, आता सागाला तेल कुठलं लावू? शनिवार आलाय.

पारिजात२: झोपाळ्याचं काय ठरलं?