संकटात बँकांवरचं नियंत्रण आवळायचं की सैल सोडायचं?

मुदतठेव (प्रश्न)

मंदी आली, बँका डळमळल्या, की दोन उलट मागण्या एकाच तोंडून ऐकू येतात. एक म्हणजे ‘सरकार झोपलंय का, बँकांवर कडक लक्ष ठेवा’. दुसरी, ‘हप्ते पुढे ढकला, नियम शिथिल करा, धंद्यांना कर्जं द्या’. मार्च २०२० मध्ये तर तीन आठवड्यांत दोन्ही झालं. ५ तारखेला येस बँकेवर निर्बंध आले आणि २७ तारखेला देशभरच्या कर्जदारांना हप्त्यांची तीन महिन्यांची सवलत मिळाली.

मग नेमकं काय करायला हवं? नागरी सहकारी बँकांच्या अंगानं कोणी सांगितलं तर जास्त बरं, कारण पीएमसी, रुपी, न्यू इंडिया या निर्बंध आलेल्या बँकांची नावं आली की आपल्याकडे अजून पोटात गोळा येतो. ‘नियंत्रण कडक करा’ एवढंच उत्तर नको. कुठला नियम, किती टक्के आणि तो आवळला तर काय बिघडतं, ते सांगा.

खतावणी

‘नियंत्रण’ या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी घालतो: भांडवलाचं प्रमाण, कर्जांचं वर्गीकरण आणि तपासणी. माझं मत असं की संकटात पहिली सैल करावी, दुसरीला हात लावू नये आणि तिसरी आवळावी. गोंधळ होतो तो तिन्ही एकदम सैल किंवा एकदम घट्ट केल्यामुळे.

भांडवलाचं गणित बघा. व्यापारी बँकेला जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे धोक्यानुसार वजन देऊन मोजलेल्या कर्ज-गुंतवणुकीच्या) किमान ९ टक्के भांडवल, म्हणजे स्वतःचा पैसा, लागतं. समजा बँकेची अशी मालमत्ता १,००० रुपये आहे आणि भांडवल ९० रुपये, म्हणजे बरोबर काठावर. मंदीत २० रुपयांचं कर्ज बुडालं. भांडवल उरलं ७०, मालमत्ता ९८०. आता ९ टक्के राखायचे तर ७० रुपयांवर जास्तीत जास्त ७७८ रुपयांची मालमत्ता ठेवता येते. म्हणजे २० रुपयांच्या तोट्यापायी बँकेला आणखी सुमारे २०० रुपयांची कर्जं आवरती घ्यावी लागतात, नाहीतर नवं भांडवल आणावं लागतं, आणि मंदीत ते देणार कोण? मग कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीच्या कर्जाची, मर्यादा कापली जाते, चांगला चाललेला कारखानाही खेळत्या भांडवलाअभावी अडतो आणि उद्याचं थकीत कर्ज आज तयार होतं. अशा वेळी टक्के वाढवले तर आजार वाढतो.

म्हणून किमान मर्यादेच्या वर गंगाजळीचा, म्हणजे जादा भांडवलाचा, थर ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे तो २.५ टक्क्यांचा आहे. त्याचा शेवटचा ०.६२५ टक्क्यांचा हप्ता ३१ मार्च २०२० ला भरायचा होता. तो रिझर्व्ह बँकेनं ढकलत ढकलत १ ऑक्टोबर २०२१ वर नेला. सीआरआर (ठेवींचा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा रोख हिस्सा) ४ वरून ३ टक्क्यांवर आला, तरलतेचं प्रमाण (अचानक पैसे काढले गेले तर लगेच रोख होईल अशा मालमत्तेचं) १०० वरून ८० टक्क्यांवर. हे सगळं सैल करणंच होतं आणि माझ्या मते योग्य होतं. चुकतं ते आधीच्या काळात. तेजीत वाढवायचा आणि मंदीत सोडायचा असा आणखी एक थर, शून्य ते २.५ टक्क्यांचा, २०१५ पासून आपल्या नियमांत आहे. तो आजवर एकदाही लावलेला नाही. चांगल्या दिवसांत कोणालाच ब्रेक दाबायचा नसतो.

आता दुसरी गोष्ट, वर्गीकरण. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, असा साधा नियम आहे. संकटात सगळ्यात मोठा मोह होतो तो हा आकडा हलवायचा. पीककर्जात मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर जुनं फिटतं, नवं उभं राहतं आणि पैसा कुठेच हलत नाही. मोठ्या कर्जांत तेच पुनर्रचना, म्हणजे मुदत-व्याज बदलून देणं, या नावानं होतं. २००८ नंतर पुनर्रचित खात्यांना ‘चांगलं’ म्हणून दाखवायची सवलत दिली गेली, ती थेट १ एप्रिल २०१५ पर्यंत चालली. पुढे रिझर्व्ह बँकेनं मालमत्तेची झाडाझडती घेतली तेव्हा मार्च २०१५ चा ४.३ टक्के ढोबळ एनपीए (तरतूद वजा न करता, एकूण कर्जांतला वाटा) मार्च २०१८ ला ११.२ टक्क्यांवर गेला. ही कर्जं त्या तीन वर्षांत बुडालेली नव्हती, दिसायला लागली तीन वर्षांत.

२०२० ची सवलत यापेक्षा शहाणपणाची होती. हप्ता पुढे ढकलला तर ९० दिवसांची मोजणी थांबेल, पण आधीच थकलेल्या आणि मोजणी थांबल्यामुळे ‘चांगल्या’ राहिलेल्या खात्यांवर बँकेनं दोन तिमाहींत मिळून १० टक्के तरतूद करायची, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी तेवढी रक्कम बाजूला काढायची. म्हणजे कर्जदाराला उसंत मिळाली आणि बँकेच्या नफ्यातून त्याची किंमतही वसूल झाली.

सातबारा

खतावणी यांचं गणित बरोबर आहे, पण ते मोठ्या बँकांचं झालं. सहकारी बँकेच्या ठेवीदाराला ‘नियंत्रण कडक झालं’ म्हणजे एकच गोष्ट कळते: शटरवर चिकटवलेला कागद.

पीएमसीचा क्रम पाहा. २३ सप्टेंबर २०१९ ला बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खाली रिझर्व्ह बँकेचे निर्देश आले, सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील. तीन दिवसांत मर्यादा १०,००० झाली, मग २५,०००, ४०,०००, नोव्हेंबरात ५०,००० आणि जून २०२० मध्ये एक लाख. बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली ती २५ जानेवारी २०२२ ला, म्हणजे २८ महिन्यांनी. त्यातही मोठ्या ठेवींची पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं मिळणार. रुपी बँकेवर निर्देश आले फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! याला कडक नियंत्रण म्हणायचं?

शेजारी येस बँक ठेवा. ५ मार्चला ५०,००० ची मर्यादा, १३ मार्चला पुनर्रचनेची योजना, १८ मार्चला संध्याकाळी सहाला निर्बंध उठले. तेरा दिवस. फरक बँकेच्या आकाराचा होताच, पण कायद्याचाही होता. येस बँकेला त्याच कायद्याचं कलम ४५ लागू होतं. त्याखाली रिझर्व्ह बँक अर्ज करते, केंद्र सरकार स्थगिती (बँकेनं पैसे देणं तात्पुरतं थांबवणं) जाहीर करतं आणि त्या मुदतीत पुनर्रचनेची किंवा विलीनीकरणाची योजना मंजूर करता येते. सहकारी बँकांना २०१९ मध्ये हे कलम लागूच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या हातात फक्त ३५ अ चं कुलूप होतं, किल्ली नव्हती. निवडणुका, लेखापरीक्षण, संचालक मंडळ हे सहकार निबंधकांकडे आणि बँकिंग १९६६ पासून रिझर्व्ह बँकेकडे, असा दोन घरचा पाहुणा.

या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनं बरंच बदललं. कलम ४५ सहकारी बँकांना लागू झालं आणि योजना करायला आधी स्थगिती जाहीर करायची सक्तीही गेली. म्हणजे पैसे न अडवता विलीनीकरण करता येतं. मुदतठेव, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे: संकटात नियम किती कडक यापेक्षा निर्णय किती दिवसांत, हे महत्त्वाचं. निर्देश लावतानाच शेवटची तारीख ठरलेली असावी.

काठावरचा

दोघांच्याही म्हणण्यात एक गृहीत धरलेलं आहे, की तपासणाऱ्याला खरं दिसतं.

पीएमसीनं ३१ मार्च २०१९ ला ढोबळ एनपीए ३.७६ टक्के दाखवला होता. भांडवलाचं प्रमाण १२ टक्क्यांच्या वर. कागदावर उत्तम बँक! प्रत्यक्षात एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, ६,५०० कोटींहून जास्त, एकाच एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे. एका समूहाला किती द्यायचं याला मर्यादा नव्हती असं नाही. तेव्हा ती बँकेच्या भांडवलाच्या ४० टक्के होती, मार्च २०२० मध्ये पहिल्या श्रेणीच्या (मुख्य) भांडवलाच्या २५ टक्क्यांवर आणली. पण मर्यादा ४० असो की २५, तपासात पुढे आलं ते असं की समूहाची ४४ खाती २१,०४९ बनावट खात्यांच्या आड दडवली होती. तपासणीसाठी दिलेल्या यादीत ही बनावट खाती होती, कोअर बँकिंग प्रणालीत (बँकेचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या संगणक प्रणालीत) नव्हती.

म्हणून यादी बँकेकडून घ्यायचीच नाही. तपासणाऱ्यानं प्रणालीतून स्वतः उतारा काढायचा, त्याची बेरीज ताळेबंदातल्या कर्जाच्या आकड्याशी जुळवायची आणि मग त्यातली काही खाती उचलून कर्जदाराचा पॅन, तारण आणि हप्ता कुठल्या खात्यातून आला हे बघायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता त्याच बँकेच्या नव्या कर्जातून आला असेल तर ते ‘नवं-जुनं’च.

आणि रोकड मोजायची. हसण्यावारी नेऊ नका. न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, त्या प्रकरणात हिशेबातली १२२ कोटींची रोख तिजोऱ्यांत नव्हती. यात मंदीचा काही संबंध नाही, कुठलं गुणोत्तरही कामाचं नाही.

वेगाबद्दल सातबारा यांच्याशी सहमत. अमेरिकेत २०१८ मध्ये कडक देखरेख लागू होणाऱ्या बँकेच्या मालमत्तेची मर्यादा ५० अब्ज डॉलरवरून २५० अब्जांवर नेली. सिलिकॉन व्हॅली बँक साधारण २०९ अब्जांची, म्हणजे बरोबर खाली. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. मोबाईलवरून पैसे काढले जातात तिथे तिमाही विवरणपत्र हा इतिहास असतो.

मुदतठेव

सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न. पाच लाखांचा ठेव विमा आहे आणि ९० दिवसांत पैसे मिळतात असं म्हणतात. मग ठेवीदारानं एवढं घाबरावं का? पाच लाख नेमके कशाचे मोजतात?

खतावणी

मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. त्याआधी १९९३ पासून एक लाखच होती. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घ्यायचा नसतो.

पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. म्हणजे पाच लाखांची एफडी असेल तर त्यावरचं व्याज विम्याबाहेर. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या एकट्याच्या नावची बचत, चालू, मुदत, आवर्ती खाती एकत्र धरतात. चार शाखांत वाटून काही होत नाही, बँका वेगळ्या हव्यात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या नावचं चालू खातंही तुमच्याच नावात मोजतात. संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात आणि त्यात नावांचा क्रम बदलला तरी वेगळं. बँकेचं कर्ज अंगावर असेल तर ते वजा होऊन उरलेलं मिळतं.

९० दिवसांची सोय १ सप्टेंबर २०२१ पासून आहे, ठेव विमा महामंडळाच्या कायद्याचं कलम १८ अ. निर्बंध लागल्यापासून ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत पडताळणी, त्यानंतर १५ दिवसांत पैसे. विलीनीकरणाची योजना चालू असेल तर आणखी ९० दिवस लांबू शकतं. गाडी अडते ती पहिल्या ४५ दिवसांत. केवायसी अपुरी, मृत खातेदाराचं वारसनोंद न झालेलं खातं, नावाच्या स्पेलिंगमध्ये आधारशी फरक, अशी खाती यादीच्या पहिल्या फेरीत सुटतात. शिवाय संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक ठेवीदारानं स्वतः द्यावा लागतो. तो दिला नाही तर ९० दिवस उलटले तरी रक्कम येत नाही.

सातबारा

एक भर. पतसंस्थेला हा विमा नाही. गल्लीतल्या पाटीवर ‘सहकारी’ दिसलं म्हणून लोक गृहीत धरतात. पावतीवर ‘बँक’ शब्द आहे का ते बघा आणि ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी असते, तिच्यात नाव शोधा. मल्टिस्टेट पतसंस्था असेल तरी तेच, विमा नाही.